झाओ वू-कीला दुवा म्हणू नका

झाओ वू-की या चित्रकाराविषयी जिथे कुठे चार ओळी छापून येतात, तिथे एक वाक्य हमखास असतं: त्याने पूर्व आणि पश्चिम यांचा संगम घडवला. प्रदर्शनांच्या पत्रिकांत ते असतं, लिलावांच्या कॅटलॉगांत असतं. २०१३ साली तो गेला तेव्हाच्या मृत्युलेखांतही ते होतं. या मताची दोन रूपं आहेत. पहिलं कौतुकाचं. शाईच्या चित्रांतला चिनी आत्मा त्याने फ्रेंच तैलरंगात उतरवला, असं ते सांगतं. दुसरं हेटाळणीचं. पॅरिसमध्ये तेव्हा चालू असलेल्या अमूर्त चित्रकलेला त्याने चिनी फोडणी दिली आणि माल खपवला, असा त्याचा सूर असतो. कौतुक करणारे आणि नाकं मुरडणारे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण दोघांचं गृहीतक एकच आहे. चिनी परंपरा आणि फ्रेंच परंपरा अशा दोन तयार गोष्टी या माणसाच्या हाताशी होत्या आणि त्याने त्या एकत्र केल्या, असं दोघंही धरून चालतात.

हे गृहीतकच मला मान्य नाही. झाओचं आयुष्य नीट पाहिलं तर यातली एकही गोष्ट त्याच्या हाताशी तयार नव्हती. चिनी चित्रकला त्याने तरुणपणी नाकारली होती. फ्रेंच म्हणावी अशी एकसंध परंपरा त्याच्या पॅरिसमध्ये उरलीच नव्हती. जे त्याने मिळवलं ते पन्नासेक वर्षं कॅनव्हासशी झगडून मिळवलं, आणि संगमाची भाषा नेमका हा झगडा झाकून टाकते.

त्याचा जन्म १९२० चा, बीजिंगचा. वडील बँकेत होते. घराणं सोंग राजवंशाशी नातं सांगणारं. लहानपणी अक्षरं गिरवायला आजोबांनी शिकवलं. संगमवाल्यांना एवढा तपशील पुरतो. आजोबांचा कुंचला, नातवाचा कॅनव्हास, झाला सिद्धांत पुरा. पुढची वर्षं मात्र ते वाचत नाहीत. १९३५ मध्ये झाओ हांगचौच्या राष्ट्रीय कलाविद्यालयात दाखल झाला. तिथे तो काय शिकला? प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेल्या मॉडेलवरून रेखाटन, मग तैलरंग. विद्यालयाचे प्रमुख लिन फेंगमियान स्वतः फ्रान्समध्ये, दिजाँ आणि पॅरिसला शिकून आलेले. पारंपरिक चिनी चित्रकलेचाही वर्ग होता आणि तो झाओला कंटाळवाणा वाटे. सोळाव्या शतकानंतर चिनी चित्रकला जुन्यांच्या नकला करत बसली, असं त्याचं मत होतं. त्याचे देव होते सेझान, मातीस आणि पिकासो. या देवांची ओळख कशी झाली, तर काकांनी पॅरिसहून आणलेल्या पोस्टकार्डांवरून आणि अमेरिकी मासिकांत छापून आलेल्या चित्रांवरून. मूळ रंग, मूळ आकार, रंगाचा थर यांतलं काही त्याने पाहिलेलं नव्हतं.

१९३७ मध्ये जपानने आक्रमण केलं आणि विद्यालय देशाच्या आतल्या भागात हलवावं लागलं. विद्यार्थी आणि शिक्षक मजल दरमजल करत शेवटी चोंगचिंगपर्यंत पोचले. १९४१ मध्ये झाओ तिथेच शिकून बाहेर पडला आणि शिकवू लागला. फ्रेंच दूतावासातले सांस्कृतिक अधिकारी वादिम एलिसीफ यांनी त्याची चित्रं पाहिली, त्यातली काही सोबत नेली आणि १९४६ मध्ये पॅरिसच्या सर्नुस्की संग्रहालयात दाखवली. दोन वर्षांनी, २६ फेब्रुवारी १९४८ रोजी, झाओ पत्नी लान-लानसह शांघायहून बोटीत बसला. १ एप्रिलला तो पॅरिसला पोचला आणि त्याच दुपारी लूव्र पाहायला गेला. हा माणूस चिनी परंपरेचं गाठोडं घेऊन युरोपला निघाला होता, असं म्हणायला आधार काय? तो तर त्या परंपरेपासून दूर जाण्यासाठी निघाला होता.

पॅरिसमधली पहिली वीस-बावीस वर्षं त्याने एक नियम कसोशीने पाळला: शाईला हात लावायचा नाही. कारण उघड होतं. चिनी माणसाने शाई-कागद घेतला की पॅरिस त्याला चिनी नक्षीकाम करणारा ठरवणार, भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूंच्या रांगेत बसवणार, हे त्याने ओळखलं होतं. ज्याला मिसळायचं असतं तो दोन्ही साहित्यं मेजावर मांडून बसतो. झाओने त्यातलं एक कुलूपबंद करून ठेवलं होतं. संगमवाल्यांनी या बावीस वर्षांचा हिशोब आधी द्यावा.

मग चीन त्याच्या चित्रांत आला कसा? आडवाटांनी आला, आणि बहुतेक वेळा परक्यांच्या हातून आला. १९४९ मध्ये देजोबेर यांच्या छापखान्यात त्याने पहिल्यांदा लिथोग्राफीचा दगड हाताळला. दगडावर इतकं पाणी वापरायचं नसतं, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने वापरलं. छापून आलेले ठसे पाहून छापणारेही चकित झाले. ते ठसे कवी आँरी मिशो यांच्या हाती पडले आणि त्यांनी त्यांवर कविता लिहिल्या. हे मिशो जन्माने बेल्जियन. तिशीत भारत आणि चीन फिरून आलेले, स्वतः शाईने चित्रं काढणारे. १९५१ मध्ये स्वित्झर्लंडला गेला असताना झाओने पॉल क्लेची चित्रं जवळून पाहिली. छोट्या चौकटीत खुणांचं अख्खं जग उभं करणाऱ्या क्लेने त्याला हलवून सोडलं. आता लक्षात घ्या, क्ले स्वतः चिनी कवितांचे अनुवाद वाचत होता आणि १९१६ मध्ये त्याने त्या कवितांच्या ओळी चित्रांत गुंफल्या होत्या. म्हणजे ज्या चीनकडे झाओने पाठ फिरवली होती, त्याचा एक तुकडा बर्नच्या एका चित्रकाराच्या हातून त्याच्याकडे परत आला. सेझानमुळे आपण आपल्यातला चिनी चित्रकार ओळखू शकलो, अशा अर्थाचं झाओ पुढे स्वतः बोलला आहे. पॅरिसने आपल्याला घडवलं आणि पॅरिसमध्येच चीन हळूहळू पुन्हा सापडला, हेही त्याचंच सांगणं. पुन्हा सापडण्यासाठी आधी हरवावं लागतं. संगमाच्या सिद्धांतात हरवण्याला जागाच नाही.

आता ‘तैलरंगातली चिनी सुलेखनकला’ या लाडक्या वर्णनाकडे येऊ. १९५४ चं ‘वारा’ हे चित्र घ्या. आज ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. उंची १९५ सेंटिमीटर, रुंदी अवघी ८७. टांगायच्या चिनी गुंडाळीसारखा उभट आकार. त्यावर वरून खाली उतरत जाणाऱ्या खुणा. शांग काळातल्या हाडांवर कोरलेल्या प्राचीन अक्षरांची आठवण व्हावी अशा त्या आहेत. पण चिनी वाचता येणाऱ्याने त्या वाचायला घेतल्या तर एकही वाचता येणार नाही. ती अक्षरं नाहीत. सुलेखनकार अक्षर कितीही मोडो, त्याच्या रेघांचा क्रम ठरलेला असतो आणि जाणकार डोळ्यांनी त्या क्रमाने हाताचा प्रवास पुन्हा करू शकतो. ‘वारा’मध्ये असा क्रम नाही. ज्यांना काही सांगायचं नाही अशा खुणांचं सळसळणं तेवढं आहे. झाओने हे आपलं पहिलं अमूर्त चित्र मानलं. आणि या खुणासुद्धा त्याने चारपाच वर्षांतच सोडून दिल्या. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्या विरघळून गेल्या. त्याच सुमारास त्याने चित्रांना नावं देणंही जवळजवळ थांबवलं, तारखा तेवढ्या राहिल्या. पाच दशकांच्या कामातली चारपाच वर्षं उचलायची आणि सगळ्या कामाला तेच नाव द्यायचं, ही समीक्षा नव्हे.

विरोधी बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा अजून बाकी आहे आणि तो टाळणं बरोबर होणार नाही. ते म्हणतील: खुणा गेल्या, पण रिकामी जागा? साठनंतरच्या चित्रांत मधोमध उघडणारा तो उजेड, एका बिंदूत न अडकणारी नजर, धुक्यात हरवणारे काठ, हे सगळं सोंग काळातल्या निसर्गचित्रांचं नाही का? ‘मी फू’ या जुन्या चिनी चित्रकाराचं नाव झाओ स्वतः आदराने घेत होता, हेही खरं. नातं आहेच. प्रश्न एवढाच की ते नातं चित्रात कुठल्या कामाने सिद्ध होतं.

शाईच्या चित्रात रिकामी जागा म्हणजे हात न लावलेला कागद. शाई कागदात मुरते, ओढलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून चित्रकार आधी थांबतो, मग एकदाच हात चालवतो. धुकं हे न केलेल्या कामातून तयार होतं. कॅनव्हासवर हे शक्यच नाही. कॅनव्हासला अस्तर दिलेलं असतं, तो रंग पीत नाही, आणि तैलचित्रात मोकळा सोडलेला कॅनव्हास धुकं होत नाही, अपुरा दिसतो. तिथे रिकामी जागा रंगवावी लागते. झाओच्या मोठ्या चित्रासमोर जवळ जाऊन उभं राहावं. दुरून जो नुसता उजेड वाटतो तो पांढरा, राखी, फिकट पिवळा, निळसर अशा थरांनी बनलेला असतो. कुठे टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग ओघळू दिलेला, कुठे पुसून काढलेला, कुठे कोरड्या कुंचल्याने वरून घासलेला. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो, चुकला तर खरवडता येतो, पुन्हा लावता येतो. चिनी शाईचित्रकार जे न करून साधत होता ते झाओला अपार कष्ट करून साधायचं होतं. दोन्हींचा दिसणारा परिणाम जवळचा असेल, पण कृती एकमेकींच्या उलट आहेत. उलट्या कृतींना संगम म्हणत नाहीत. पाश्चात्त्य साधन हाती घेऊन त्या साधनाला कधीच न जमलेलं काम त्याच्याकडून करून घेणं, ही तैलचित्रणाच्या इतिहासातली भर आहे आणि ती त्याच नावाने नोंदवली पाहिजे.

याचा पुरावा चित्राच्या नावातच मिळतो. ‘जून-ऑक्टोबर १९८५’ हे त्याचं सर्वात मोठं चित्र. तीन भागांचं, २.८ मीटर उंच, १० मीटर रुंद. वास्तुविशारद आय. एम. पे यांनी सिंगापूरच्या रॅफल्स सिटीसाठी ते करवून घेतलं. नाव म्हणजे कामाचा काळ. जून ते ऑक्टोबर. एका बैठकीत, एका श्वासात होणारी ही चित्रं नव्हेत.

आणि शाई? ती परत आली, पण कुठल्या कलाविषयक धोरणाने आली नाही. झाओची दुसरी पत्नी मे दीर्घ आजारी होती. मोठा कॅनव्हास समोर घ्यायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. तेव्हा मिशोंनी त्याला कागद आणि शाईकडे वळवलं. १९७२ मध्ये मे गेली. त्याच वर्षी १९४८ नंतर पहिल्यांदा तो चीनला जाऊन आला आणि परतल्यावर ‘मेच्या स्मरणार्थ’ हे सव्वापाच मीटर रुंदीचं चित्र त्याने केलं. तैलरंगात केलं, शाईत नाही. दुःखात हाताला जे पेलवलं ते त्याने धरलं आणि बळ आलं तेव्हा पुन्हा कॅनव्हासकडे गेला. यात पूर्व-पश्चिम समन्वयाचा आराखडा शोधणं म्हणजे माणसाच्या आयुष्याशी बेपर्वाईने वागणं आहे.

संगमाचा सिद्धांत खरा की खोटा हे तपासायला इतिहासाने एक चाचणीही देऊन ठेवली आहे. हांगचौच्या त्याच विद्यालयातून त्याच काळात आणखी दोघं निघाले: वू ग्वानजोंग आणि चू तेह-चुन. तिघंही लिन फेंगमियान यांच्या विद्यालयातले, जिथे चिनी आणि पाश्चात्त्य कलेचा मेळ घालणं हे उघड जाहीर केलेलं उद्दिष्ट होतं. तिघांनीही पॅरिस पाहिलं. दोन परंपरांची बेरीजच चित्र घडवत असती तर तिघांची उत्तरं सारखी यायला हवी होती. वू १९५० मध्ये मायदेशी परतला. सांस्कृतिक क्रांतीच्या धसक्याने स्वतःची नग्नचित्रं त्याने स्वतःच नष्ट केली, त्याला खेड्यात मजुरीला पाठवलं गेलं, आणि पुढे तो यांगत्सेच्या दक्षिणेकडल्या गावांच्या पांढऱ्या भिंती नि काळी छपरं शाईने रंगवत राहिला. चू १९५५ मध्ये पॅरिसला पोचला. तिथे निकोला द स्तालचं प्रदर्शन पाहून तो अमूर्ताकडे वळला आणि त्याची चित्रं झाओच्या चित्रांशेजारी ठेवली तर लय वेगळी, जोर वेगळा. खुद्द गुरू लिन यांनी चौकोनी कागदावर शाई आणि जलरंग घेऊन तिसरीच वाट काढली, क्रांतीच्या काळात कित्येक चित्रं स्वतःच्या हातांनी नष्ट केली, चार वर्षं तुरुंग भोगला. एकच विद्यालय, तेच दोन देश, आणि चार चित्रकार चार दिशांना. यांच्यातला फरक परंपरांच्या बेरजेतून कळत नाही. तो कळतो प्रत्येकाने काय सोसलं, काय नाकारलं आणि रोज उठून काय केलं यातून.

आता हेटाळणीवाल्यांकडे. ते म्हणतात, झाओ हा पॅरिसच्या फॅशनचा अनुयायी. पण पॅरिसची ती ‘फॅशन’ कुणाची होती? झाओच्या अवतीभवती हार्टुंग जर्मन, व्हिएरा दा सिल्वा पोर्तुगीज, द स्ताल रशियन, रियोपेल कॅनेडियन, सॅम फ्रान्सिस अमेरिकी, शेजारच्या स्टुडिओतला जाकोमेत्ती स्विस. जवळचा मित्र सुलाज तेवढा फ्रेंच. फ्रेंच म्हणून ज्याची मापं घेतली जातात ती कला परदेशातून आलेल्यांनी मिळून उभी केली होती, आणि उभी करणाऱ्यांत झाओ होता. शिवाय १९५७ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, तिथल्या चित्रकारांना भेटला. चित्रांचा आकार आणि हाताचा मोकळेपणा तिथून वाढला, हे मान्य करायला हरकत नाही. पण त्या मंडळींनी चित्राची पातळी सपाट ठेवण्याचा आग्रह धरला होता, तर १९६४ मध्ये संगीतकार एदगार व्हारेज यांना अर्पण केलेल्या झाओच्या चित्रात नजर खोल आत शिरते, तिथे वादळ उठलेलं असतं आणि त्याच्या मागे अंतरच अंतर असतं. उसनवारी करणारा माणूस सावकाराच्या मुख्य नियमाविरुद्ध जात नाही. उत्तरायुष्यातली झाओची काही चित्रं गोड झाली, रंग सुखावह झाले, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण तो आक्षेप एकेका चित्रावर घ्यावा लागतो. चिनी माणसाने पॅरिसला येऊन काहीतरी मिसळून विकलं, असं म्हणून तो सिद्ध होत नाही.

विकण्याचा विषय निघालाच आहे तर तेही पाहू. ‘जून-ऑक्टोबर १९८५’ हे चित्र २००५ मध्ये सुमारे २३ लाख अमेरिकी डॉलरना विकलं गेलं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात त्याला ५१ कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी अमेरिकी डॉलर आले. तेरा वर्षांत चित्रावर रंगाचा एक थरही चढला नाही. बदलला तो बाजार. दोन संस्कृतींचा दुवा हे वर्णन बाजाराला सोयीचं आहे, कारण त्या एका वाक्याने युरोपातला आणि चीनमधला असे दोन्हीकडचे ग्राहक आपला हक्क सांगू शकतात. विक्रेत्याने ते वापरावं, त्याचा तो धंदा आहे. समीक्षकाने ते उचलण्याचं कारण नाही.

मराठीत हे लिहिण्याची गरज मला वाटते, कारण आपणही आपल्या चित्रकारांशी असंच वागत आलो आहोत. नागपूर आणि जे. जे. मध्ये शिकलेले सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्याच पॅरिसला गेले. त्यांच्यावर लिहिताना आपण बिंदू, तंत्र, भारतीयत्व एवढ्यावर लेख संपवतो आणि बिंदूच्या आधीची तीसेक वर्षं, फ्रान्समधली ती खेड्यांची आणि गावांची चित्रं, प्रस्तावनेत उरकतो. वासुदेव गायतोंडे यांना झेनची ओढ होती, क्ले त्यांनाही प्रिय होता. पण झेनचं नाव घेतल्याने त्यांच्या कॅनव्हासवरचा रोलर आणि पॅलेट नाइफ, थर चढवणं आणि काढणं, महिनोन्महिने थांबणं यांचं वर्णन होत नाही. चित्रकाराचा पत्ता लिहून झाला की चित्र समजलं, अशी आपल्या लिखाणाला सवय लागली आहे. ती सोडली पाहिजे.

म्हणून कलेविषयी लिहिणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना आणि प्रदर्शनं मांडणाऱ्यांना माझं सांगणं आहे. झाओ वू-कीसमोर उभे राहाल तेव्हा यात चीन किती आणि फ्रान्स किती हा हिशोब मांडू नका. हा पांढरा रंग किती थरांचा आहे, नजर कुठून आत शिरते, कुठे अडते, काय पुसलं गेलं आहे, ते विचारा. १९४८ मध्ये बोटीत बसलेला तो तरुण कुठल्याही दोन संस्कृतींचा प्रतिनिधी म्हणून निघालेला नव्हता. त्याला तैलचित्रकार व्हायचं होतं. तो झाला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या श्रेष्ठ तैलचित्रकारांत त्याची जागा आहे. ती त्याला विनाविशेषण द्या.